वाचकांचे प्रश्न : हिरव्या समुद्रशैवालातील बहुशर्करा

हिरव्या समुद्रशैवालांवरच्या टिपणानंतर बरीच पत्रे आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत. प्रयोगशाळेतल्या अडचणींचे प्रश्न सर्वाधिक असल्याने जागाही त्यांनाच जास्त दिली आहे.

प्रश्न : अगार लाल शैवालातून आणि अल्जिनेट तपकिरी शैवालातून मिळते, हे शाळेत शिकवतो. हिरव्या शैवालातून काय मिळते? त्याचे एक नाव सांगता येईल का?

एक नाव सांगता येत नाही. हिरव्या शैवालांत वंशागणिक पेशीभित्तिकेची घडणच बदलते.

सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो उल्वा या वंशाचा. याची पात फक्त दोन पेशींच्या थरांची, पातळ आणि कोथिंबिरीसारखी हिरवीगार असते. पूर्वी एन्टेरोमॉर्फा म्हणून वेगळा मानलेला नळीदार प्रकार 2003 साली उल्वातच सामावला गेला, म्हणून जुन्या लेखांत तेच शैवाल दुसऱ्या नावाने भेटते. उल्वाच्या भित्तिकेत चार बहुशर्करा, म्हणजे शर्करा जोडून बनलेल्या लांब साखळ्या, असतात. उल्वान आणि सेल्युलोज या मुख्य, तर झायलोग्लुकान आणि ग्लुक्युरोनान या किरकोळ प्रमाणात. संशोधकांचे लक्ष असते ते उल्वानवर. ते पाण्यात विरघळते आणि कोरड्या शैवालाच्या साधारण 9 ते 36 टक्के भरते. रॅम्नोज, ग्लुक्युरॉनिक आम्ल, इड्युरॉनिक आम्ल आणि झायलोज या त्यातल्या शर्करा. रॅम्नोजच्या तिसऱ्या कार्बनवर सल्फेट गट बसलेला असतो.

कोडियममध्ये भित्तिकेचा सांगाडा सेल्युलोजचा नसून मॅनान या बहुशर्करेचा असतो आणि त्याच्या जोडीला सल्फेटयुक्त गॅलॅक्टान व अरॅबिनान असतात. कॉलर्पात सांगाडा झायलानचा. मोनोस्ट्रोमात रॅम्नान सल्फेट मिळते, तर क्लॅडोफोरात अतिशय स्फटिकी सेल्युलोज. हे शेवटचे सेल्युलोज इतके बारीक जाळीदार असते की स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी 2009 साली त्यावर वीजवाहक पॉलिपायरोलचा थर देऊन कागदी बॅटरी तयार केली होती.

विद्यार्थ्यांना सांगायचे तर ‘उल्वातून उल्वान’ एवढे पुरे. ‘हिरव्या शैवालातून उल्वान’ असे मात्र सांगू नका.

प्रश्न : उल्वाची 50 ग्रॅम भुकटी 1 लिटर सोडियम ऑक्झलेटच्या 0.05 मोलर द्रावणात 90 °से.ला दोन तास ठेवली, गाळली, गाळून आलेल्या द्रवात तिप्पट अल्कोहोल घातले आणि साका (खाली बसलेला घन भाग) वाळवला. 14 ग्रॅम मिळाले, म्हणजे 28 टक्के. फिनॉल-सल्फ्युरिक चाचणीत मात्र शर्करा 30 टक्केच दिसते. बाकीचे काय आहे? उतारा (शैवालातून मिळालेल्या मालाचे प्रमाण) चांगला समजायचा की वाईट? (पदव्युत्तर विद्यार्थिनी)

आधी हिशेब करू. सोडियम ऑक्झलेटचा रेणूभार 134. म्हणजे 0.05 मोलर द्रावणाच्या एका लिटरमध्ये 6.7 ग्रॅम ऑक्झलेट तुम्हीच घातले आहे. ते अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे उल्वानसोबत खाली बसते. काही भाग शैवालातल्या कॅल्शियमशी संयोग पावून चोथ्यात गेला असेल, पण तुमच्या 14 ग्रॅमपैकी जवळजवळ निम्मा माल तुमच्याच बाटलीतला असू शकतो. सगळेच्या सगळे ऑक्झलेट साक्यात आले असे धरले तर खरा माल 7.3 ग्रॅम उरतो, म्हणजे उतारा 15 टक्क्यांच्या आत. आता शर्करेकडे पाहा. 14 ग्रॅमच्या 30 टक्के म्हणजे 4.2 ग्रॅम. ती 7.3 ग्रॅमवर मांडली तर 58 टक्के येते.

हे 58 टक्के पाहून निराश होऊ नका. शुद्ध उल्वानलाही या चाचणीत 100 टक्के कधीच येत नाहीत. एकतर त्याच्या वजनाचा 15 ते 25 टक्के भाग सल्फेटचा असतो आणि सल्फेट म्हणजे शर्करा नव्हे. वाळवलेल्या मालात 10 टक्क्यांपर्यंत ओलावा सहज राहतो. शिवाय तुम्ही मानक म्हणून ग्लुकोज वापरले असणार. ग्लुकोज 490 नॅनोमीटरला जितका रंग देते तितका युरॉनिक आम्ले देत नाहीत, आणि रॅम्नोजचा रंग 480च्या आसपास सर्वाधिक असतो. मानक म्हणून रॅम्नोज आणि ग्लुक्युरॉनिक आम्लाचे मिश्रण घेतले, तर आकडा बराच खरा येतो.

ऑक्झलेट आहे की नाही हे दहा मिनिटांत कळते. चिमूटभर माल पाण्यात विरघळवा आणि कॅल्शियम क्लोराइडचे दोन थेंब टाका. पांढरा गढूळपणा आला, तो ॲसेटिक आम्लात टिकला आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात गेला, तर ते ऑक्झलेटच.

पुढच्या वेळी असे करा. ताजे शैवाल खाऱ्या पाण्यात हलवून वाळू-शिंपले काढा, मग गोड्या पाण्यातून झटकन एकदा काढा. गोड्या पाण्यात भिजत ठेवले की पेशी फुटतात आणि विद्राव्य माल आधीच वाहून जातो. 50 °से.च्या आसपास कुरकुरीत होईपर्यंत वाळवा आणि अर्धा ते एक मिलिमीटरपर्यंतच दळा. पिठासारखी बारीक भुकटी केली की गाळण हमखास तुंबते. गाळताना तास-दीड तास गेल्याच्या ज्या तक्रारी येतात, त्यांचे मूळ बहुधा या दळणात असते.

भुकटी दहापट 80 टक्के अल्कोहोलमध्ये रात्रभर ढवळत ठेवा आणि द्रव हिरवा येणे थांबेपर्यंत हे परत करा. यात हरितद्रव्य, सुट्या शर्करा आणि थोडे मीठ निघून जाते. मगच गरम पाण्याकडे वळा. 1 भाग भुकटीला 20 ते 30 भाग पाणी, तापमान 80 ते 90 °से., वेळ दोन तास. ऑक्झलेटऐवजी हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू 2च्या जवळ आणूनही काढणी करतात. त्यात प्रथिने कमी येतात, पण तापमान किंवा वेळ वाढला की साखळ्या तुटून रेणूभार घसरतो. अल्कली आणि उष्णता मात्र एकत्र आणू नका. युरॉनिक आम्लाच्या जोडावर साखळी फुटते आणि द्रावण तपकिरी होते.

द्रावण गरम असतानाच कापडातून पिळा, मग सेंट्रिफ्यूज करा. थंड होऊ दिले की घट्टपणा वाढतो आणि बारीक गाळ तरंगत राहतो. नंतर मीठ आणि 12 ते 14 हजार डाल्टनपर्यंतचे लहान रेणू बाहेर जाऊ देणाऱ्या पडद्याच्या पिशवीत पाणी बदलत दोन-तीन दिवस डायलिसिस करा, तेही 4 °से.ला. खोलीच्या तापमानाला तिसऱ्या दिवशी तुमच्या पिशवीत जिवाणूंची वसाहत असेल. दिवसांवर विसंबू नका, बाहेरच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजा. ती ऊर्ध्वपातित पाण्याच्या जवळ आली की थांबा.

इथे एक खोच आहे. डायलिसिस फार चांगले झाले की अल्कोहोल घातल्यावर साका खाली बसत नाही, नुसता दुधाळपणा येतो. उल्वानवर ऋणभार असतो आणि सोबतीला धन आयन नसतील तर साखळ्या एकमेकींना दूर ढकलतात. लिटरला 2–3 ग्रॅम मीठ घातले की काही मिनिटांत गुठळ्या होतात. हे मीठ नंतर 70–75 टक्के अल्कोहोलने धुऊन काढता येते. अल्कोहोलचे प्रमाणही मोजून घ्या. 96 टक्क्यांचे अल्कोहोल दुप्पट घातले तर मिश्रण 64 टक्के होते, पावणेतीन पट घातले तर 70, तिप्पट घातले तर 72. कमी लांबीच्या साखळ्या 64 टक्क्यांना द्रवातच राहतात.

साका शेवटी 96 टक्के अल्कोहोलने धुऊनच वाळवा, नाहीतर शिंगासारखा कडक तुकडा मिळेल आणि तो पुन्हा विरघळवताना दिवस जाईल.

स्टार्चचाही संशय घ्या. हिरव्या शैवालांच्या हरितलवकांत स्टार्च साठते आणि 90 °से.ला तेही पाण्यात उतरते. द्रावणावर आयोडीनचा थेंब टाका. निळे-जांभळे झाले तर उष्णता सहन करणारे अमायलेज आणि नंतर अमायलोग्लुकोसायडेज ही विकरे वापरा. घटक-शर्करांच्या विश्लेषणात ग्लुकोज भरपूर दिसले, तर ते सेल्युलोजचे समजू नका. सेल्युलोज गरम पाण्यात विरघळत नाही, ते तुमच्या चोथ्यात आहे.

प्रश्न : बेरियम क्लोराइड-जिलेटीन पद्धतीने सल्फेट 31 टक्के आले. इतके असू शकते का?

उल्वानसाठी हा आकडा संशयास्पद आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट सुटे असते. डायलिसिस अपुरे झाले तर तेही मोजले जाते. जलापघटन न केलेल्या, म्हणजे आम्लाने साखळी न तोडलेल्या, नमुन्यावर तीच चाचणी करा. तिथे जो आकडा येईल तो सुट्या सल्फेटचा, तो वजा करा. गंधकाचे मूलद्रव्य-विश्लेषण उपलब्ध असेल तर त्याने पडताळा घ्या. गंधकाच्या टक्केवारीला 3ने गुणले की सल्फेटची टक्केवारी मिळते. 6.7 टक्के गंधक म्हणजे 20 टक्के सल्फेट. अर्थात प्रथिनांतही गंधक असते, म्हणून नायट्रोजनचा आकडाही पाहा. समुद्रशैवालासाठी नायट्रोजनला 6.25ने गुणण्याची जुनी सवय सोडून 5ने गुणावे.

प्रश्न : आमच्या एचपीएलसीत (घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) इड्युरॉनिक आम्लाचे शिखर दिसतच नाही, आणि सगळ्या शर्करांची बेरीज 60च्या वर जात नाही. यंत्रात दोष आहे का?

यंत्र बहुधा ठीक आहे, दोष साखळी तोडण्यासाठी आधी वापरलेल्या आम्लाचा. युरॉनिक आम्ल आणि रॅम्नोज यांच्यातला जोड ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्लाला सहजी दाद देत नाही. तो तुटेपर्यंत आम्लाची मात्रा किंवा वेळ वाढवला तर आधी सुटलेले इड्युरॉनिक आम्ल, झायलोज आणि रॅम्नोज नष्ट होऊ लागतात. एकाच वेळेचा आकडा देऊ नका. 1, 2, 4 आणि 6 तासांचे नमुने काढा आणि प्रत्येक शर्करेची वाढ-घट आलेखावर पाहा. न तुटलेल्या जोडशर्करेचे शिखर कुठे येते तेही ओळखून ठेवा, अनेकजण त्याला ‘अज्ञात’ म्हणून सोडून देतात.

इड्युरॉनिक आम्लासाठी एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना पाहण्याचे तंत्र) जास्त भरवशाचे, कारण त्यात साखळी तोडावी लागत नाही. दुसरी वाट विकरांची. उल्वान तोडणारे लायेज 2011 साली एका समुद्री जिवाणूत सापडले. फॉर्मोसा ॲगॅरिफिला या जिवाणूतली उल्वान पूर्ण तोडणारी विकरांची साखळी 2019 साली उलगडली आणि तीत बारा विकरे निघाली. लायेज जिथे तोडते तिथे द्विबंध तयार होतो आणि तो 235 नॅनोमीटरला प्रकाश शोषतो, त्यामुळे क्रिया किती झाली हे साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवरही पाहता येते. हे विकर मिळवणे सोपे नाही हे खरे, पण आम्लाने सगळे जाळून काढण्यापेक्षा ते बरे.

रेणूभाराबद्दल कुणी विचारलेले नाही, तरी सांगून ठेवतो. डेक्स्ट्रान किंवा पुल्युलान या भाररहित बहुशर्करांच्या मानकांवरून काढलेला उल्वानचा रेणूभार ‘सापेक्ष’ म्हणूनच लिहा. भारित साखळी त्या मानकांसारखी वळत नाही. प्रकाश-विकिरण मापक असेल तरच ‘खरा’ हा शब्द वापरा.

प्रश्न : उल्वान 2 टक्के घेऊन गरम पाण्यात विरघळवले, थंड केले, फ्रिजमध्ये ठेवले. घट्ट झालेच नाही. अगार 1 टक्क्याला घट्ट होते. काय चुकते?

अगारची अपेक्षाच चुकते. उल्वान नुसते थंड केल्याने गोठत नाही आणि त्याचे द्रावण अल्जिनेटच्या मानाने पातळच असते. जेलसाठी त्याला बोरिक आम्ल आणि कॅल्शियम दोन्ही लागतात, आणि सामू 7.5च्या जवळ असावा लागतो. प्रचलित स्पष्टीकरण असे : बोरेट दोन साखळ्यांवरच्या शेजारशेजारच्या हायड्रॉक्सिल गटांना जोडते आणि कॅल्शियम तो जोड सावरून धरते.

प्रमाण असे घ्या. नीट डायलिसिस केलेले उल्वान 1.6 टक्के, बोरिक आम्ल 7 मिलीमोलर म्हणजे लिटरला 0.43 ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड (रेणूमागे पाण्याचे दोन रेणू असलेले) 7 मिलीमोलर म्हणजे लिटरला सुमारे 1 ग्रॅम. आधी उल्वान आणि बोरिक आम्ल एकत्र विरघळवा, सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने सामू जुळवा, कॅल्शियम शेवटी आणि हळूहळू ढवळत घाला. एकदम ओतले तर जिथे थेंब पडतो तिथे गोळे होतात आणि बाकीचे पातळ राहते.

तरीही जेल मऊच असते आणि तापवले की पुन्हा पातळ होते. बिघडण्याची कारणे ठरलेली आहेत. फॉस्फेट बफर वापरला तर तो कॅल्शियम खाली बसवतो. लवचिकतेसाठी ग्लिसरॉल किंवा सॉर्बिटॉल घातले तर बोरेट त्यांनाच चिकटते. आणि उल्वान कडक आम्लात काढलेले असेल तर साखळ्या आखूड असल्याने जाळे धरत नाही.

बोरिक आम्लामुळे हे जेल खाद्यपदार्थात चालणार नाही. जखमेवरचे पापुद्रे, औषध सोडणारे कण यांसाठी संशोधक म्हणूनच वेगळ्या वाटा घेतात. एक वाट कायटोसानची, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या बहुशर्करेची. त्यावर धनभार असतो, उल्वानवर ऋण, आणि दोन्ही द्रावणे भेटताच त्यांचे संकुल तयार होते. दुसरी वाट साखळीवर मेथॅक्रिलेट गट बसवून अतिनील प्रकाशाने जोडण्याची.

प्रश्न : एकाच जागेवरून मार्च आणि सप्टेंबरमध्ये शैवाल गोळा केले. उतारा आणि सल्फेट दोन्ही वेगळे. कोणता आकडा खरा?

दोन्ही. पाण्यातला नायट्रोजन, प्रकाश, क्षारता, वाढीचा टप्पा यांनुसार उल्वान बदलते. नायट्रोजन कमी पडला की स्टार्च वाढते आणि टक्केवारीची सगळी गणिते सरकतात. त्याहून मोठा धोका असा, की दोन वेळची जात एक नसेल. उल्वाच्या जाती डोळ्यांनी ओळखणे भल्याभल्यांना जमत नाही, एकच जात पात्यासारखी आणि नळीसारखी दोन्ही रूपे घेते. प्रत्येक खेपेचा तुकडा सिलिका जेलमध्ये वाळवून ठेवा आणि टफ-ए किंवा आयटीएस या जनुकखुणांनी जात ठरवा. नमुन्यावर तारीख, खोली, पाण्याचे तापमान आणि क्षारता लिहा. ‘उल्वा लॅक्टुका’ असे छापलेले जुने आकडे वाचतानाही ही शंका मनात ठेवावी.

प्रश्न : उल्वान रक्त पातळ करते आणि विषाणू रोखते असे वाचले. गोळ्या घ्याव्यात का?

घेऊ नयेत, आणि रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल तर मुळीच नाही.

सल्फेटयुक्त बहुशर्करा रक्त गोठण्याच्या प्रथिनांना धरतात हे खरे आहे. मोनोस्ट्रोमातले रॅम्नान सल्फेट हेपॅरिन कोफॅक्टर-2 या प्रथिनामार्फत रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला अडवते. उल्वानमध्ये इड्युरॉनिक आम्ल आहे आणि रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिन या औषधातही आहे, म्हणून तुलना सुचते. पण हे प्रयोग बहुतांशी परीक्षानळीतले. गिळलेली एवढी मोठी, भारित साखळी आतड्यातून रक्तात कशी आणि किती जाणार, हा प्रश्न गोळीच्या जाहिरातीत विचारलेला नसतो. माणसाच्या मोठ्या आतड्यातले जिवाणूही उल्वान फारसे आंबवत नाहीत. तंतुमय घटक म्हणून ते बाहेर पडते.

विषाणूंचे तसेच. काचपात्रात ऋणभारित साखळ्या विषाणूला पेशीवर चिकटू देत नाहीत, आणि हे जवळजवळ सगळ्याच सल्फेटयुक्त बहुशर्करांना जमते. लाल शैवालातल्या कॅराजीननचे जेल एचआयव्ही रोखते का, याची मोठी चाचणी दक्षिण आफ्रिकेत झाली. 2008 साली निष्कर्ष आला : संरक्षण मिळाले नाही. काचपात्रात तेही उत्तम चालत होते.

संशोधकांसाठी एक पुस्ती. प्रतिकारपेशी ‘जाग्या’ झाल्याचा निष्कर्ष काढण्याआधी नमुन्यातले एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातले विष, मोजा. समुद्रातून आलेल्या पातीवर जिवाणू असतातच, आणि अत्यल्प एंडोटॉक्सिनही हाच परिणाम दाखवते. डीपीपीएच चाचणीतली ‘प्रतिऑक्सीकारक शक्ती’ही अनेकदा सोबत आलेल्या फिनॉलांची असते.

प्रश्न : शैवाल उकळून त्याचे पाणी भुरी रोगावर फवारले. फरक पडला नाही, उलट पानांच्या कडा करपल्या.

कडा मिठाने करपल्या. न धुतलेल्या शैवालाच्या राखेचे प्रमाण 20 ते 40 टक्के असते, आणि उकळल्यावर ते क्षार सगळे पाण्यात. फवारणीआधी विद्युतवाहकता मोजा. साध्या पाण्यापेक्षा आकडा बराच वर असेल तर द्रावण पातळ करा, आणि आधी दोन-चार पानांवर मारून तीन दिवस थांबा.

फरक न पडण्याचे कारण वेळ. उल्वान बुरशी मारत नाही. ते जॅस्मोनिक आम्ल या झाडाच्या संप्रेरकाच्या मार्गाने त्याची स्वतःची संरक्षणयंत्रणा चालू करते, आणि त्याला काही दिवस लागतात. घेवडा, द्राक्ष आणि काकडी यांच्यावरच्या भुरीत असा परिणाम नोंदला गेला आहे, पण फवारणी रोग येण्याआधी केलेली होती. पांढरी भुकटी दिसू लागल्यावर उशीर झालेला असतो. प्रयोगांत लिटरला 1 ग्रॅम किंवा त्याहून जास्त शुद्ध उल्वान वापरतात. घरगुती काढ्यात ते किती उतरले हे मोजल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : किनाऱ्यावर साचलेले, कुजू लागलेले ढीग काढणीसाठी वापरावेत का? फुकट मिळतात.

नाही. पात पिवळी-पांढरी पडली म्हणजे जिवाणूंनी उल्वान तोडायला सुरुवात केली आहे, रेणूभार आणि उतारा दोन्ही गेले. शिवाय वरून कोरडा कवच धरलेल्या ढिगाखाली हायड्रोजन सल्फाइड साठतो. ढीग फोडला की तो एकदम बाहेर येतो, आणि जास्त प्रमाणात असला तर नाक बधिर झाल्याने वासही येत नाही. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर 2009 साली अशाच ढिगात रुतून एक घोडा मेला आणि त्याचा स्वार बेशुद्ध पडला होता. तरंगते, हिरवे, ताजे शैवाल पाण्यातूनच उचला आणि त्याच दिवशी वाळत घाला.